आन्नाने हातात आलेला घटस्फोट का नाकारला?

शिरस्तेदारबाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या. कादंबरी दीडशे वर्षांची जुनी आहे, तेव्हा शेवट फुटला म्हणून कोणी रागावणार नाही असं धरून चालते.

तॉल्स्तॉयची 'आन्ना करेनिना' मी निवृत्तीनंतर वाचायला घेतली. कॉन्स्टन्स गार्नेटचा १९०१ सालचा इंग्रजी अनुवाद, मुलाने किंडलवर टाकून दिलेला. अक्षर मोठं करायचं आणि दुपारी भांडी आवरल्यावर वाचत बसायचं. चार महिने लागले. संपली, पण चौथ्या भागाच्या शेवटच्या वाक्यात माझा पाय अडकलाय तो अजून निघत नाही.

ज्यांना वाचून खूप वर्षं झाली असतील त्यांच्यासाठी थोडक्यात. आन्नाला प्रियकर व्रॉन्स्कीपासून मुलगी होते आणि बाळंतज्वराने ती मरायला टेकते. तार मिळाल्यावर तिचा नवरा करेनिन घरी येतो. ती गेली असेल तर सगळंच सुटेल, हा विचार वाटेत त्याच्या मनात येऊन गेलेला असतो. पण तिच्या खाटेशी गुडघे टेकून तो लहान मुलासारखा रडतो, तिला माफ करतो, व्रॉन्स्कीलाही माफ करतो. मग आन्ना बरी होते. बरी झाल्यावर तिला तोच नवरा पुन्हा सहन होईना. तिचा भाऊ स्तीवा मध्यस्थी करायला जातो. आणि बोटं मोडणारा, कान बाहेर आलेला, फायलीच्या भाषेत बोलणारा हा करेनिन स्तीवाला म्हणतो, बदनामी मी माझ्यावर घेतो, मुलगासुद्धा देऊन टाकतो.

म्हणजे बघा. घटस्फोट, मुलगा सेर्योझा आणि व्रॉन्स्की, तिन्ही एकाच ताटात वाढून आलेलं. आणि लगेच पुढच्या, तेविसाव्या प्रकरणात आन्ना व्रॉन्स्कीला सांगते की त्याचं औदार्य मला घेता येणार नाही, घटस्फोट नको, आता मला सगळं सारखंच आहे. प्रकरण संपता संपता तॉल्स्तॉय कळवतो की महिन्याभराने करेनिन मुलाबरोबर घरात एकटा राहिला आणि आन्ना घटस्फोट न घेता, तो ठामपणे नाकारून, व्रॉन्स्कीबरोबर परदेशी गेली.

का नाकारला? सांगत नाही तो. कादंबरीचा दुसरा नायक लेव्हिन गवत कापतो त्याला पानंच्या पानं दिली आहेत, आणि इथे एक वाक्य. बरं, पुढे व्रॉन्स्की घटस्फोटासाठी जीव टाकतो, स्तीवाच्या बायकोला, डॉलीला, मध्ये घालतो, शेवटी आन्ना स्वतः पत्र लिहिते, आणि तेव्हा मात्र करेनिन नाही म्हणतो.

आमच्या वाचन गटात (आम्ही सहा जणी, आधी नुसती भिशी होती, आता भिशी आणि पुस्तक) सगळ्यांचं उत्तर एकच: समाज. समाजाने तिला मारलं. असेल. पण चौथ्या भागात समाज खोलीत नव्हता हो. नवरा तयार, भाऊ तयार, प्रियकर तयार. नाही म्हणणारी ती एकटीच.

मी न्यायालयात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची ११ कौटुंबिक न्यायालयात. तिथली एक बाई मला या वाक्यापाशी सारखी आठवते. नाव-गाव सांगत नाही. सहा वर्षं भांडत होती. नवरा पोटगी बुडवायचा, तारखेला यायचा नाही, आला तर वकील बदलून यायचा. तिची फाईल इतकी फुगली होती की दोरी पुरायची नाही. आणि एक दिवस तो माणूस समुपदेशकांच्या खोलीत बसून म्हणाला, चूक माझी होती, मुलगा तिच्याकडे राहू दे, मी सही करतो. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. संमतीचा अर्ज झाला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब मध्ये सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा येऊन 'हो' म्हणायचं असतं. पुकारा झाला, दोघं उभे राहिले, आणि ती म्हणाली, माझी संमती नाही.

बाहेर आल्यावर माझ्या टेबलाशी पाणी प्यायला थांबली. खरं तर विचारायचं नसतं, पण मी विचारलं, अहो, सगळं मिळत होतं ना? म्हणाली, "बाई, तो असा चांगला वागला तर मी माहेरी काय सांगू? सहा वर्षं मी काय सांगत होते त्यांना?"

आन्नाचं असंच काही झालं असेल का? करेनिन वाईट होता तोवर तिला निघून जाता येत होतं. तो चांगला झाला आणि तिचे पाय बांधले गेले? की मी माझ्या टेबलावरून रशिया बघतेय? तुम्ही हे वाक्य कसं वाचलंत ते सांगा.

बंड्या_नाशिककर

ताई, सोपं आहे. चौथ्या भागात घटस्फोट झाला असता तर उरलेले चार भाग कोणी लिहिले असते? कादंबरी 'रुस्की व्हेस्तनिक' मासिकात १८७५ पासून क्रमशः येत होती. मालिकावाले काय करतात ते बघा ना, लग्न लागत आलं की नायिकेची स्मृती जाते. ह. घ्या.

शिरस्तेदारबाई

बंड्या, हलके घेतलं. पण हे गृहस्थ मासिकासाठी गोष्ट वाकवणाऱ्यातले नव्हते. आठव्या भागात सर्बियाला लढायला निघालेल्या रशियन स्वयंसेवकांची टर आहे. ती संपादक कात्कोवला रुचली नाही, याने बदल केला नाही, तेव्हा मासिकाने तो भाग छापलाच नाही. याने तो स्वतःच्या खर्चाने वेगळा छापून घेतला. असा माणूस चार भाग वाढवायला नायिकेला खोटं बोलायला लावेल असं वाटत नाही.

काळाकोट

धागा आवडला. कायद्याची बाजू मांडतो, कारण तुमच्या प्रश्नातलं 'ताटात वाढून आलेलं' हे मला तपासायचं आहे.

तेव्हाच्या रशियात ऑर्थोडॉक्स माणसाचं लग्न आणि घटस्फोट दोन्ही चर्चच्या हातात. नोंदणी विवाह नावाची गोष्टच नाही. घटस्फोटाची कारणं मोजकी: शारीरिक असमर्थता, पाच वर्षं बेपत्ता असणं, हक्क गमावून हद्दपारीची शिक्षा होणं, आणि व्यभिचार. पटत नाही, दोघांनाही नको आहे, याला किंमत शून्य. व्यभिचारही पत्रांवरून सिद्ध होत नसे, डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार लागत. आणि जो दोषी ठरेल त्याला पुन्हा लग्न करायला बंदी.

आता करेनिनची 'बदनामी मी घेतो' ही ऑफर यात बसवून बघा. तो निष्पाप आहे. दोषी ठरायचं तर त्याला धर्माधिकाऱ्यांसमोर खोटा व्यभिचार उभा करावा लागणार. म्हणजे एखादी बाई ठरवायची, दोन साक्षीदार भाड्याने आणायचे, त्यांनी शपथेवर सांगायचं की आम्ही या साहेबांना अमुक खोलीत पाहिलं. खात्यातला इतका मोठा अधिकारी, ज्याने आयुष्यात एक कागद चुकीच्या फायलीत लावला नसेल, तो हे करणार. तेव्हा असे साक्षीदार मिळत असत, धंदाच होता तो.

चौथ्याच भागातलं पाचवं प्रकरण आठवा. करेनिन वकिलाकडे जातो. (तेव्हा तो आन्नाला दोषी ठरवायला निघालेला असतो, माफीच्या आधी.) वकील समोरून उडणारे पतंग हवेत पकडतोय, कारण ते खुर्च्यांचं कापड खातात. पत्रांचा अर्धवट उपयोग होतो, पुजारी मंडळींना अशा बाबतीत बारीकसारीक तपशील फार आवडतात, असं तो सांगतो. अशील निघून गेल्यावर खुशीत तो पतंग पकडणं सोडून देतो: पुढच्या हिवाळ्यापर्यंत सगळं फर्निचर मखमलीने मढवूनच घ्यायचं. माझ्या व्यवसायावर यापेक्षा क्रूर अर्धं पान मी वाचलेलं नाही. आणि खोटंही नाही ते.

अजून दोन गोष्टी. रशियन विवाहितेला स्वतःची मालमत्ता ठेवता येत होती, त्या काळच्या इंग्लंडपेक्षा त्या पुढे होत्या. पण नवऱ्याच्या परवानगीशिवाय तिला वेगळा परवाना (तेव्हाचा पासपोर्ट) मिळत नसे, म्हणजे वेगळं राहायचं तर नवऱ्याची मर्जी. ही अट १९१४ साली सुटली. दुसरं म्हणजे मुलगी. ॲनी लग्न टिकून असताना जन्मली, म्हणून कायद्याने ती करेनिनची. व्रॉन्स्की डॉलीला हेच कळवळून सांगतो, की माझी मुलगी माझी नाही, आणि उद्या मुलगा झाला तरी तोही करेनिनचाच. इथल्या वाचकांनी रशियाला हसू नये. आपला पुराव्याचा कायदा १८७२ चा, म्हणजे कादंबरीच्या तीनच वर्षं आधीचा, आणि त्यातलं कलम ११२ हेच सांगत होतं. नव्या कायद्यातही ते आलंय.

थोडक्यात, ताटात वाढून आलं ते जेवण नव्हतं, खोटी साक्ष होती.

शिरस्तेदारबाई

काळाकोट, धन्यवाद. 'औदार्य घेता येणार नाही' हे वाक्य मी आत्तापर्यंत नुसतं मानाचं म्हणून वाचत होते. तुमच्या प्रतिसादानंतर परत वाचलं. तिला माहीत आहे तो काय करायला तयार झालाय. कागदोपत्री ती निर्दोष होणार आणि तो व्यभिचारी. तिने आयुष्यभर निर्दोष म्हणून वावरायचं, तेही ज्याला फसवलं त्याच्या खोट्या कबुलीवर! सेर्योझा मोठा झाल्यावर त्याला काय सांगितलं असतं? तुझे बाबा बाहेरख्याली होते?

संमतीच्या अर्जांवर शिक्के मारले मी, पण असा अर्ज आमच्याकडे आला नाही कधी. (खोटे आले. इतके उदात्त खोटे नाही आले.)

तरी माझं समाधान अर्धंच. हे कारण असेल तर नंतर ती तोच घटस्फोट कशी मागते?

खिडकीजवळची_जागा

'समाज खोलीत नव्हता' याला माझा आक्षेप. समाज खोलीत यायला लागत नाही.

बेट्सी त्वेर्स्काया आठवा. नवरा आहे, तुश्केविच नावाचा प्रियकर आहे, सगळ्या पीटर्सबर्गला माहीत आहे, आणि तिच्या दिवाणखान्यात बसायला मिळावं म्हणून लोक धडपडतात. व्रॉन्स्कीच्या आईला तर सुरुवातीला मुलाचं प्रकरण आवडलेलंच असतं. उच्चभ्रू बाईशी लफडं असल्याशिवाय तरुण अधिकाऱ्याला झळाळी येत नाही असं तिचं मत. मुलगा त्यापायी बढती नाकारतो तेव्हा तिचं डोकं फिरतं. स्तीवा घरातल्या फ्रेंच शिक्षिकेबरोबर सापडतो आणि पहिल्या भागात सगळे, आन्नासकट, डॉलीला समजवायला धावतात. आन्ना मॉस्कोला येते तीच मुळी भावाचा संसार वाचवायला! हा विनोद तॉल्स्तॉयने सरळ चेहऱ्याने केलाय.

झाकली मूठ सव्वा लाखाची. आन्नाने मूठ उघडली हाच गुन्हा. पाचव्या भागात परत आल्यावर बेट्सी एकदाच भेटायला येते, तेही आपण किती धाडसी आहोत हे दाखवत, आणि दहा मिनिटांत विचारते, घटस्फोट कधी? मग थिएटरचं प्रकरण. पॅटी या गायिकेचं गाणं आहे, आन्ना छाती उघडी ठेवणारा मखमली झगा घालून बॉक्समध्ये बसते. शेजारच्या बॉक्समधली कार्तासोवा उठून जाते, का तर हिच्या शेजारी बसणं लांच्छनास्पद. व्रॉन्स्की दुसऱ्या बाजूने दुर्बिणीतून बघत असतो. ती का गेली, हे त्याला समजतच नाही. मी ते प्रकरण लोकलमध्ये वाचत होते, विक्रोळीला उतरायचं ते मुलुंडला उतरले.

माझं उत्तर: घटस्फोट नाकारला तेव्हा तिला वाटत होतं कागदाशिवाय जगता येईल. इटलीत जगूनही बघितलं. थिएटरमध्ये कळलं की कागदाशिवाय खुर्चीसुद्धा मिळत नाही. म्हणून मग मागितला.

दोन_दाते_एक_पणती

ही सगळी चर्चा आन्नाची. माझं मन डॉलीपाशीच राहतं. सहाव्या भागात ती आन्नाला भेटायला व्रॉन्स्कीच्या इस्टेटीवर जाते तो प्रवास परत वाचा. चार तास गाडीत बसून आयुष्यात पहिल्यांदा विचार करायला वेळ मिळालेली बाई आहे ती. बाळंतपणं, दुधाने फुटलेली स्तनाग्रं, गेलेलं बाळ. मध्ये एका धाब्यावर तरुण शेतकरीण सहज सांगते, एक पोर होती, देवाने सोडवलं, उपासाच्या दिवसांत पुरली. डॉलीला ऐकून घृणा येते, आणि गाडीत बसल्यावर वाटतं, तिच्या बोलण्यात काही खरंही आहे. मग ती मनातल्या मनात स्वतःसाठी एक प्रियकर रचते, स्तीवाला सगळं कबूल करते आणि त्याचा चेहरा बघून हसते. ही पानं एका पुरुषाने १८७० च्या दशकात लिहिलीत, हे मला दर वेळी खोटं वाटतं.

आणि ते ठिगळाचं पोलकं! तिकडे पोचल्यावर छानछोकीच्या मोलकरणीसमोर तिला तिच्या ठिगळ लावलेल्या पोलक्याची लाज वाटते. घरी तिला त्याच ठिगळांचा अभिमान असतो. सहा पोलक्यांना २४ अर्शिन कापड, ६५ कोपेक दराने, म्हणजे १५ रुबलांच्या वर, शिलाई वेगळी. हे १५ रुबल वाचले होते. हिशेब मी कागदावर करून पाहिला, बरोबर येतो. १५ रुबल ६० कोपेक.

शिरस्तेदारबाई, तुमच्या प्रश्नाला उत्तर असं नाही. पण त्याच मुक्कामात ॲनीला किती दात आले हे आन्नाला नीट सांगता येत नाही, शेवटचे दोन तिला माहीतच नसतात. डॉलीच्या ते लगेच लक्षात येतं. मला वाटतं आन्ना त्या मुलीकडे बघू शकत नव्हती, कारण ती जन्मली म्हणून सेर्योझा सुटला. घटस्फोटाचंही तेच. तो घेतला की सेर्योझाच्या बापाचं घर तिने मोडलं यावर शिक्का बसतो. न घेता गेली तर थोडं मोडायचं राहिलं, अशी समजूत.

बंड्या_नाशिककर

आता गंभीरपणे लिहितो, वर शिव्या बसतील म्हणून नाही.

अवांतर: शेवट तॉल्स्तॉयने हवेतून काढलेला नाही. १८७२ च्या जानेवारीत त्याच्या शेजारच्या जमीनदाराबरोबर राहणारी आन्ना पिरोगोवा नावाची बाई, त्याने दुसरीशी लग्न ठरवलं म्हणून, यासेन्की स्टेशनवर मालगाडीखाली गेली. शवविच्छेदनाच्या वेळी तॉल्स्तॉय तिथे हजर होता. आणि त्याची सख्खी बहीण मारिया नवऱ्याला सोडून गेली होती, परदेशात तिला एका स्वीडिश सरदारापासून १८६३ साली मुलगी झाली. म्हणजे 'लोक काय म्हणतील' हे त्याला दिवाणखान्यातून नाही, घरातून माहीत होतं.

आणि एक तुलना सुचते. याच सुमाराला मुंबईत रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, १८८४ साली नवऱ्याने नांदायला यावं म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, मग अपील, आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांचा निकाल: नांदायला जा नाही तर सहा महिने कैद. ती म्हणाली कैद चालेल. शेवटी १८८८ मध्ये २००० रुपयांवर तडजोड झाली, आणि ती लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आली. एकीने समाजाला तोंड दिलं, दुसरीने रूळ गाठले. आन्ना मला नेहमी थोडी लाडावलेली वाटते.

शिरस्तेदारबाई

बंड्या, पिरोगोवाचं ठाऊक नव्हतं. आभार. पण लाडावलेली हा शब्द मागे घे बाबा.

रखमाबाईंचं धैर्य मोठंच, पण त्यांची बाजू त्यांना स्वतःला पूर्ण स्वच्छ दिसत होती. ज्या लग्नाला त्यांनी कधी होकारच दिला नाही ते नाकारलं. पदरी मूल नव्हतं. नवरा येऊन खाटेशी रडला नव्हता. त्यांचे नवरे दादाजी भिकाजी जर १८८७ मध्ये कोर्टात म्हणाले असते, की बाई, माझंच चुकलं, लोकांनी मला काहीही म्हणू दे, तू जा, तर? तरीही त्या गेल्याच असत्या म्हणा, नि गेल्या हे बरंच झालं असतं. पण आन्नाचा पेच तो नाही. तिची बाजू तिलाच स्वच्छ दिसत नाही, आणि समोरचा माणूस नेमक्या त्या क्षणी संत होतो.

संत म्हणते खरी, पण त्या दिवसांत त्याने नुसती क्षमा नाही केली. आजारपणात ॲनीकडे कोणी लक्ष देत नव्हतं. त्यानेच दिवसातून अनेकदा पाळण्याशी जाऊन बसायला सुरुवात केली. बाळ रडत होतं, आणि दाईला दूधच नाही ही गोष्ट त्याच्या कानावर येते. दुसऱ्याच्या मुलीसाठी! व्रॉन्स्कीला हे कधी समजलं असेल असं मला वाटत नाही. आन्नाला समजलं होतं. म्हणून तर तिला त्याचा हातसुद्धा सोसवत नाही. राग यायला जागा नाही आणि प्रेम तर येतच नाही, अशा माणसासमोर काय करायचं?

खिडकीजवळची जागा, तुमचं म्हणणं पटलं, पण एक दुरुस्ती. थिएटरनंतर तिने लगेच मागितला नाही. व्रॉन्स्कीने मागायला लावला, पुढची मुलं त्याच्या नावाची व्हावीत म्हणून. आणि आन्ना तेव्हा डॉलीला काय सांगते? मला मुलंच होणार नाहीत, मी होऊ देणार नाही. मूळ पुस्तकात म्हणे तिथे डॉक्टरने काय सांगितलं त्याऐवजी नुसत्या टिंबांची ओळ आहे. माझ्या किंडलवरही टिंबंच आहेत, आधी मला वाटलं फाईल खराब आहे. म्हणजे ज्या मुलांसाठी घटस्फोट मागायचा ती होणारच नाहीत हे फक्त तिला आणि डॉलीला ठाऊक. त्याच रात्री ती कबूल करते की सेर्योझा आणि अलेक्सेय (म्हणजे व्रॉन्स्की) हे दोनच जीव मला प्रिय आहेत आणि एक असला की दुसरा नसतो. आणि झोपेसाठी मॉर्फिन घेते.

काळाकोट

शिरस्तेदारबाई, शेवटच्या नकाराचं काय? करेनिन आधी स्वतःहून देत होता, सातव्या भागात स्वतः नकार देतो. तुमच्या 'संत' करेनिनचं काय झालं?

शिरस्तेदारबाई

त्याला माणसं भेटली. तो एकटा पडला होता, ऑफिसात हसं झालेलं. काउंटेस लिदिया इवानोव्हनाने त्याला ताब्यात घेतलं, सेर्योझाला आई मेली म्हणून सांगितलं, आणि शेवटी निकाल कोणी दिला तर लांदोने! पॅरिसच्या एका दुकानातला पोऱ्या, झोपेत बोलतो म्हणून भविष्यवेत्ता झालेला. स्तीवा बहिणीच्या घटस्फोटासाठी तिथे गेलेला असतो, आणि जमलं तर रेल्वेच्या एका कमिटीवरची पगाराची जागाही पदरात पाडून घ्यायला. (हा स्तीवा मला कितीदा तरी आमच्या व्हरांड्यात भेटलाय. नेहमी हसतमुख.) लांदो झोपेत बडबडतो आणि दुसऱ्या दिवशी नकाराचं पत्र येतं. आन्नाचा अर्ज खोलीतल्या त्या झोपलेल्या माणसाने निकाली काढला.

म्हणजे पहिल्या वेळी देणारा खरा होता आणि घेणारी तयार नव्हती, दुसऱ्या वेळी मागणारी खरी नव्हती आणि देणारा स्वतःचा राहिला नव्हता. दोन्ही तारखा फुकट. आमच्याकडे याला 'उभय पक्ष गैरहजर' लिहिलं असतं, दोघं हजर असूनही.

दोन दाते, तुमचं ते 'थोडं मोडायचं राहिलं' मी वहीत लिहून ठेवलंय. माझ्या पाणी पिणाऱ्या बाईलाही ते लागू पडतं असं आज वाटलं, तिची फाईल बंद झाली तेव्हा नव्हतं वाटलं.

एक गोष्ट कोणीच काढली नाही, म्हणून लिहिते. ॲनीचं पुढे काय झालं? आठव्या भागात व्रॉन्स्कीची आई रेल्वे स्टेशनवर बोलता बोलता सांगून टाकते. करेनिन अंत्यविधीला आला आणि मुलीला घेऊन गेला. व्रॉन्स्की तेव्हा भानावर नव्हता, कशालाही हो म्हणत होता. आता त्याला ते खातं, पण दिलेला शब्द परत घेता येत नाही.

आता नाव बघा. रशियन पद्धतीत मधलं नाव बापाचं. करेनिन अलेक्सेय, व्रॉन्स्कीही अलेक्सेय. कोणाचीही म्हणून लिहा, मुलगी अलेक्सेयेव्हनाच. पाळण्यातलं नाव आईचं. आडनाव, काळाकोट म्हणाले तसं, कायद्याने पहिल्यापासून नवऱ्याचं. आन्ना अलेक्सेयेव्हना करेनिना. ताबा बदलला तरी रजिस्टरात एक अक्षर खोडावं लागलं नसतं.